कापसाच्या गावातला गेमिंग पीसी

मे महिन्यातली दुपार. अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे गेलेला. टिनाच्या पत्र्याखालची खोली तव्यासारखी तापलेली आणि कोपऱ्यातल्या टेबलावर पीसीचे पंखे जीव खाऊन फिरतायत. गेम सुरू होऊन वीस मिनिटं झाली की चित्र अडखळायला लागतं. घरातला पोट्टा म्हणतो, ग्राफिक्स कार्ड हलकं निघालं. चित्र तयार करणाऱ्या त्या कार्डात काही खोट नसते. त्याला थंड व्हायला जी हवा मिळतेय, तीच ४५ अंशांची असते.

'पन्नास हजारांत गेमिंग पीसी' अशा ज्या याद्या मोबाइलवर फिरतात, त्या खोट्या नसतात. त्या एसीच्या खोलीसाठी, सरळ येणाऱ्या लाईनसाठी आणि बिघडलेला पार्ट दोन दिवसांत बदलून मिळणाऱ्या शहरासाठी केलेल्या असतात. तीच यादी दर्यापूर, आर्णी, चिमूर किंवा मानोऱ्याच्या एखाद्या खेड्यात आणली की तिच्यातले चार आकडे चुकतात. पैसा मात्र तेवढाच गेलेला असतो, आणि कास्तकाराच्या घरात तो वर्षातून एकदाच येतो. म्हणून गावात पीसी निवडताना आधी भिंतीवरचा बटणांचा बोर्ड बघावा. ग्राफिक्स कार्डाचा नंबर त्याच्या बराच मागे लागतो.

एक साधा मल्टिमीटर घ्या. सवय नसेल तर गावातल्या वायरमनला बोलवा, पण तीन मापं घ्याच. फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थिंग, न्यूट्रल आणि अर्थिंग. पहिलं माप पहाटे, दुपारी आणि रात्री आठच्या सुमारास असं तीन वेळा घ्यावं, आणि शक्य झालं तर विहिरींवरचे पंप सुरू असतानाही. २३० च्या आसपास यायला पाहिजे. संध्याकाळी १६०-१७० दिसत असेल तर ते वहीत लिहून ठेवा, पुढची अर्धी निवड त्या आकड्यावर ठरणार आहे. फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढंच व्होल्टेज हवं. तिथं साठ-सत्तर दिसलं किंवा काटा नाचला, तर सॉकेटचं तिसरं, मोठं छिद्र नुसतं शोभेचं आहे, त्याच्या मागे वायरच नाही. गावातल्या जुन्या घरांत हे फार सापडतं.

अर्थिंग नसलेल्या पीसीच्या कॅबिनेटला अनवाणी पायानं हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर धरला तर मंद पेटतो. त्याचं कारण सरळ आहे. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या आत, लाईन जिथून शिरते तिथं, फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन छोटे कॅपॅसिटर लोखंडी डब्याला जोडलेले असतात. विजेतला गोंधळ जमिनीत सोडायचं त्यांचं काम. जमीनच जोडलेली नसली की डबा दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर. करंट अगदी थोडा, म्हणून माणूस दगावत नाही. पण हाच पीसी एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडला आणि त्या टीव्हीत छतावरच्या डिशची केबल असली, तर तो करंट एचडीएमआयच्या बारीक पिनांतून वाट काढतो. पोर्ट जळतो, आणि दुकानदार म्हणतो वॉरंटीत बसत नाही. मुंग्यांऐवजी जोरदार झटका बसत असेल तर ते वेगळं दुखणं आहे. लगेच पिन काढा आणि घराची वायरिंग तपासून घ्या.

अर्थिंग करून घेणं हा गेमिंग पीसीचाच खर्च धरावा, घरखर्चात ढकलू नये. अडीच-तीन मीटरचा जीआय पाइप, खड्ड्यात कोळसा आणि मीठ, वरून पाणी ओतायला तोंड, आणि तिथून घरापर्यंत जाड तार. आपली काळी माती या कामाला चांगली. ओल धरून ठेवते आणि करंट सहज सोडते. पण हीच माती एप्रिल-मेमध्ये हातभर भेगा पाडते, पाइपाभोवती पोकळी होते आणि अर्थिंग नावालाच उरतं. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या तोंडात ओतत जावं.

दुसरा धोका डीपीवरच्या, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या न्यूट्रलचा. वादळात किंवा सैल जोडामुळे न्यूट्रल तुटला, की एका घराचं व्होल्टेज खाली जातं आणि शेजारच्या घराचं चारशेच्या दिशेनं चढतं. टीव्ही, फ्रिज, मोबाइलचे चार्जर एकाच क्षणी जातात. एमसीबी यात पडत नाही, कारण तो करंट बघतो, व्होल्टेज बघत नाही. यासाठी मीटरच्या बाजूला बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो. व्होल्टेज साधारण २७० च्या वर किंवा १७० च्या खाली गेलं की तो लाईन तोडतो, आणि लाईन परत आली तरी काही सेकंद थांबून मगच जोडतो. आकडे बदलता येणारा घ्यावा आणि खालचा आकडा आपल्या वहीतलं माप बघून लावावा, नाहीतर रोज संध्याकाळी घर अंधारात बसेल.

आता एसएमपीएस. सगळ्या खरेदीत जास्तीत जास्त कंजुषी इथंच होते, आणि तीच जास्तीत जास्त महाग पडते. कॅबिनेटसोबत जवळपास फुकट येणाऱ्या डब्यावर '४५० वॅट' असं ठळक छापलेलं असतं. त्याकडे बघू नका. डबा आडवा करून बाजूचा तक्ता वाचा. त्यात +१२ व्होल्टच्या खाली अँपियरचा आकडा असतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही याच रांगेतून खातात. तिथं १६ अँपियर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. बाकीचे वॅट ज्या रांगांत दाखवलेत, त्या आजच्या पीसीला फारशा लागतच नाहीत. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर याच जागी ४२ अँपियरच्या आसपास दिसतं, म्हणजे ५०४ वॅट. वजनही हातात घेऊन बघा. हलका लागला तर आत तांबं आणि लोखंड कमी आहे.

त्याच तक्त्यावर इनपुटची ओळ असते. '२००–२४०' लिहिलेला एसएमपीएस आपल्या कामाचा नाही, संध्याकाळी १७० वर तो बसून जाईल. '१००–२४०' लिहिलेलाच घ्या. काही स्वस्त डब्यांना मागे ११५/२३० चं लाल बटण असतं. लाईन डिम आहे म्हणून ते ११५ वर करायचा मोह होतो. एकदा लाईन पूर्ण आली की स्फोटासारखा आवाज होऊन डबा संपतो, आणि कधी कधी मदरबोर्डही सोबत नेतो. कमी वीज वाया घालवतो असं सांगणारा ८० प्लस ब्राँझचा शिक्का, साडेचारशे ते साडेपाचशे वॅट आणि किमान तीन वर्षांची वॉरंटी, एवढं मिळालं की पुरे.

एसएमपीएस चांगला असला तरी डिम लाईनचा भार वायरवर येतोच. पीसी भिंतीतून ३०० वॅट ओढत असेल तर २३० व्होल्टला १.३ अँपियर लागतात, १६० ला १.९. करंट दीडपट झाला की सैल सॉकेटमधली उष्णता दुप्पट होते. पिन काळी पडते, प्लास्टिकचा वास येतो. त्यामुळे कूलर, मिक्सर आणि पीसी एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर नकोत.

लाईन गेल्यावर पीसी काही मिनिटं सांभाळणारा यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गफलत होते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. मध्यम गेमिंग पीसी मॉनिटरसकट खेळताना अडीचशे-तीनशे वॅट घेतो, म्हणजे काठावर. १००० व्हीएचा बरा. ६०० वाल्याची बॅटरी बहुतेक १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची, म्हणजे कागदावर ८४ वॅट-अवर. पाचेक मिनिटं मिळतात, तेवढ्यात सेव्ह करून बंद करायचं. घरी १५० अँपियर-अवरची बॅटरी लावलेला इन्व्हर्टर असेल तर वेगळ्या यूपीएसची गरज नसते, पण इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा पाहिजे आणि त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर पाहिजे. दुसऱ्या मोडमध्ये लाईन बदलायला वेळ लागतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंदांचाच साठा असतो, तेवढ्यात बदल झाला नाही तर पीसी रीस्टार्ट होतो.

वीज झाली. आता पडदा. काय खेळायचं आणि कशावर बघायचं हे ठरल्याशिवाय कार्ड निवडणं म्हणजे वावर न बघता बियाणं घेणं. १०८०पी मॉनिटर हा आपल्या बजेटचा नैसर्गिक मुक्काम आहे. घरातला टीव्ही वापरणार असाल तर त्यातला गेम मोड सुरू करा, नाहीतर माऊस हलवल्यावर बंदूक क्षणभर उशिरा वळते. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ अशा गेमना ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसर जास्त लागतो. नव्या, मोठ्या नकाशांच्या गेमना कार्डाची मेमरी लागते, आणि तिथं ४ जीबी आता अपुरी पडते. नवं कार्ड घेत असाल तर ८ जीबीच्या खाली उतरू नका.

कार्ड निवडताना विदर्भात वॅट हा आकडा किमतीच्या शेजारी लिहावा. कार्ड जितके वॅट खातं, तितकी उष्णता त्याच खोलीत सोडतं. जुनं आरएक्स ५८० हे १८५ वॅटचं कार्ड. आरएक्स ६६०० त्याच्यापेक्षा वेगवान असून १३२ वॅट घेतं. आरटीएक्स ४०६० तर ११५ वॅटमध्ये त्याच्याही पुढे जातं. मेच्या दुपारी हे ५०-७० वॅट अंगावर जाणवतात. आरटीएक्स ३०५० या नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत. ८ जीबीचं १३० वॅटचं आणि ६ जीबीचं ७० वॅटचं. दुसरं कमी ताकदीचं, पण त्याला एसएमपीएसची वेगळी वायर बहुधा लागत नाही. जुन्या पीसीत टाकायला ते सोयीचं, नव्या पीसीसाठी पहिल्याच्या भावात घेऊ नये. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण ते मदरबोर्डाशी फक्त चार लेनवर, म्हणजे चार रस्त्यांवर, बोलतं. पीसीआयई ३.० च्या, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या स्लॉटच्या बोर्डात टाकलं की त्याचा दम निघून जातो.

प्रोसेसरवर फार वेळ घालवायची गरज नाही. सहा कोर, बारा थ्रेड, एवढं धरा. रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००, दोन्ही या कामाला भरपूर. गावासाठी मात्र एक मत ठाम आहे. शेवटी 'एफ' असलेला इंटेल, म्हणजे १२४००एफ, थोडा स्वस्त मिळतो, कारण त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. रायझन ५६०० मध्येही नसतं. ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत गेलं आणि तीन-चार आठवडे परतलं नाही, तर असा पीसी नुसता डबा होतो. गावात त्याच पीसीवर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले जातात, पोलीस भरतीचं हॉल तिकीट निघतं, ताईचा अभ्यास चालतो. चार पैसे जास्त देऊन साधा १२४०० किंवा ५६००जी घ्या. कार्ड नसलं तरी पडदा चालू राहतो.

यातूनच दोन हंगामांत पीसी घ्यायची वाट निघते, आणि ती आपल्याकडे शहाणपणाची आहे. दिवाळीनंतर कापसाचा चुकारा आला की ५६००जी, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, चांगला एसएमपीएस आणि कॅबिनेट घ्यायचं. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर, सेटिंग खाली ठेवून, चालतात. मग तूर-हरभरा विकला की ग्राफिक्स कार्ड. ५६००जी हा पीसीआयई ३.० चा प्रोसेसर, पण आठ लेनच्या ६६०० ला त्यानं फार फरक पडत नाही. एसएमपीएस मात्र पहिल्याच खेपेला पुढच्या कार्डाचा विचार करून घ्यायचा, दुसऱ्यांदा त्यावर पैसा जाऊ नये.

मदरबोर्डाबद्दल दोनच सूचना. एच६१० आणि बी६६० हे इंटेलचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा रॅमच्या दोन्ही प्रकारांत येतात आणि दोन्ही रॅमच्या खाचा वेगळ्या जागी असतात. खोका नीट वाचा, रॅम जोर लावून बसवायची वस्तू नाही. दुसरी, बी४५० सारखा जुन्या साठ्यातला रायझनचा बोर्ड घेत असाल तर बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, दुकानातच अपडेट करून घ्या. घरी अपडेट ६० टक्क्यांवर असताना लाईन गेली तर बोर्ड मेलाच म्हणायचा.

रॅम १६ जीबी, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत. एकच १६ ची पट्टी टाकली तर प्रोसेसरला मेमरीकडे जायला एकच रस्ता राहतो, आणि ५६००जी च्या ग्राफिक्सचं त्यात फार नुकसान होतं. २०२५ च्या अखेरीला डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमच्या किमती दुपटीच्याही वर गेल्या आणि सगळ्या जुन्या याद्या मोडल्या. अशा काळात वापरलेली डीडीआर४ रॅम घ्यायला हरकत नाही. रॅम सहसा बिघडत नाही, आणि पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवला की ती खरी की खोटी ते कळतं. एकही चूक दिसली तरी परत करायची.

साठवणीची एसएसडी वेगवान एनव्हीएमई प्रकारची, ५०० जीबी ते १ टीबी. एम.२ आकाराच्या सगळ्याच पट्ट्या एनव्हीएमई नसतात. टोकाला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, म्हणजे हळू प्रकारची, असते.

वापरलेल्या कार्डांचा बाजार इतका मोह घालतो की त्यावर थोडं थांबायला पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर ते कमावणं, बंद झालं आणि वर्षानुवर्षं दिवसरात्र चाललेली कार्डं जगभर विक्रीला आली. त्यातली कित्येक अजून हातोहात फिरतात. मायनिंग केलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण पंख्याचं बेअरिंग आणि उष्णता कूलरकडे पोचवणारी आतली पेस्ट संपलेली असते. दुसरा प्रकार जास्त वाईट. जुन्या कार्डाचा बायोस बदलून त्यावर नव्या कार्डाचं नाव चढवतात. विंडोज ते नाव खरं मानते, गेम सुरू झाला की काळा पडदा येतो. जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा अशी बनवाबनवी पकडतं. आरएक्स ५८० घेताना त्यात शेडर, म्हणजे चित्र काढणारे छोटे कोर, किती दाखवतंय तेही बघा. २३०४ पाहिजेत. २०४८ दिसले तर ती कमी ताकदीची, वेगळी आवृत्ती आहे. विकणाऱ्यासमोर फरमार्क हे कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं चालवा, तापमान कुठं थांबतं ते बघा, स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाचे ओरखडे आहेत का ते बघा. तो नाही म्हणाला तर परत फिरा.

ऑफिसातून निघालेले जुने पीसीही मिळतात. त्यात इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचा प्रोसेसर नको. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ त्या प्रोसेसरना अधिकृतपणे घेत नाही. शिवाय अशा बऱ्याच डब्यांत एसएमपीएसचा आकार आणि जोडणी कंपनीची स्वतःची असते. ती गेली की बाजारातला साधा एसएमपीएस तिथं बसत नाही.

आता हवा आणि कापूस. कोणताही पंखा खोलीच्या हवेपेक्षा पार्ट थंड करू शकत नाही. तो फक्त फरक कमी करतो. २५ अंशांच्या खोलीत कार्ड ६५ वर राहत असेल, तर ४४ अंशांच्या खोलीत तेच ८४ च्या आसपास जाईल. प्रोसेसरचंही तसंच. रायझन ५६०० ला ९० अंशांची मर्यादा आहे, ती आली की तो स्वतःचा वेग कमी करतो. उन्हाळ्यात हेच अडखळणं दिसतं. म्हणून खोक्यातला छोटा कूलर हिवाळ्यापुरता ठीक, मेसाठी १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्यावा. कॅबिनेट पुढून जाळीचं. पुढे काच लावलेलं कॅबिनेट दिव्यांत छान दिसतं, पण पंख्यांचं तोंड दाबून धरतं. पुढून दोन पंखे आत ओढणारे आणि मागून एक बाहेर टाकणारा ठेवला की आत हवेचा दाब किंचित जास्त राहतो आणि धूळ फटींऐवजी जाळीतूनच येते. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर गेमचे फ्रेम ७५ वरच बांधा. कार्ड उगाच दीडशे काढत बसत नाही. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये अंडरव्होल्टचा, म्हणजे कार्डाला थोडं कमी व्होल्टेज द्यायचा, पर्याय आहे, तोही लावून बघा.

वाळ्याच्या कूलरची ओल पीसीला खाते, असं बरेच जण म्हणतात. ओलसर हवेचं एवढं भय नको. चालू पीसीचे पार्ट हवेपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर पाणी धरत नाही. कूलरनं खोली दहा अंश खाली आली तर पीसीचंही भलंच होतं. वाईट असतात ते कूलरच्या तोंडातून उडणारे थेंब. आपलं बोअरचं पाणी क्षारांचं. थेंब सुकला की बोर्डावर पांढरा ठिपका राहतो, पावसाळ्यात तो ओल ओढतो आणि तिथं गंज धरतो. कूलरचा झोत पीसीवर सरळ येऊ देऊ नका, एवढंच सांभाळायचं.

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन वेचणी सुरू झाली, की भावाची वाट बघत कापूस घरात भरला जातो. त्या खोलीत पीसी ठेवू नका. पहिलं कारण आगीचं. एक ठिणगी पुरे. दुसरं कारण कॅबिनेट उघडल्यावर दिसतं. धूळ पंख्याच्या पात्यावर बसते आणि ब्रशनं निघते. कापसाचा तंतू पात्यावर थांबतच नाही. तो पात्यांमधून पार होतो आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्यांच्या तोंडाशी आडवा अडकतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, मध्ये सोयाबीनच्या मळणीचा भुसा. दोन महिन्यांत तिथं घोंगडीच्या तुकड्यासारखा करडा थर विणला जातो. पंखा वरून स्वच्छ दिसतो, पूर्ण वेगानं फिरतो, पण खाली हवा जातच नाही. पंख्याचे चार स्क्रू काढले की तो थर अखंड, चौकोनी पापुद्र्यासारखा चिमट्यात येतो. मळणीपासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापसाचा हंगाम संपेपर्यंत, हे दर महिन्याला करावं. साफ करताना पंखा बोटानं धरून ठेवा, हवेनं गरगर फिरवू नका. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका, त्याच्या हवेत पाणी असतं. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून फेकू नका, पाल आणि उंदीर तिथूनच शिरतात.

पार्ट नागपूरहून आणा, अमरावतीहून आणा किंवा ऑनलाइन मागवा, बिलावर जीएसटी आणि प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर पाहिजे. कच्च्या बिलावर वाचलेले पैसे वॉरंटीच्या दिवशी परत जातात. दुकानात जोडलेला पीसी एसटीनं आणणार असाल तर ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात, मांडीवर. कॅबिनेटमध्ये आडवं लटकलेलं कार्ड आपल्या रस्त्यांवर स्लॉट उखडून टाकतं.

घरी जोडत असाल तर कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर आणि रॅमवर एकदा सुरू करून बघा. चार स्लॉट असतील तर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात. पेस्ट वाटाण्याएवढी. कूलरचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नको. एएम४ मध्ये, म्हणजे या रायझनच्या सॉकेटमध्ये, पिना प्रोसेसरला असतात. पुढे कधी कूलर काढायचा झाला तर आधी पीसी दहा मिनिटं चालवून बंद करा, पिन काढा, पेस्ट कोमट असतानाच कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. थंड असताना सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला सारख्या, पण वेगळ्या. वायरवर सीपीयू आणि पीसीआयई असं लिहिलेलं असतं. सगळं झालं आणि पडदा कोराच राहिला, तर आधी केबल बघा. निम्म्या वेळा ती कार्डाऐवजी मदरबोर्डात खोचलेली असते.

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग, सुरू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगावर, बहुधा २१३३ किंवा २६६६ वर, चालत राहील. व्हॅलोरंट खेळायचं असेल तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सेटिंग तिथंच चालू करून घ्या.

मग उरतो गेम उतरवायचा प्रश्न. जीटीए ५ शंभर जीबीच्या घरात आहे. रोजच्या दोन जीबीच्या रिचार्जवर पन्नास दिवस. त्यापेक्षा तालुक्याच्या गावी ज्याच्याकडे फायबर आणि तोच गेम आहे त्याच्याकडे हार्ड डिस्क घेऊन जा. स्टीम या गेम विकत घ्यायच्या आणि उतरवायच्या सॉफ्टवेअरच्या 'स्टीमॲप्स' फोल्डरमधल्या 'कॉमन'मधून गेमचं फोल्डर कॉपी करा. गेम तुमच्या स्वतःच्या खात्यावर घेतलेला पाहिजे. घरी ते फोल्डर त्याच जागी, त्याच नावानं टाका आणि स्टीममधून इन्स्टॉल म्हणा. तो आधी असलेल्या फायली तपासत बसतो, जे कमी असेल किंवा जुनं असेल तेवढंच उतरवतो, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत प्लेचं हिरवं बटण दिसतं.